मधुमेही वडिलांचा कान दीड महिना ठणकतोय; सहा आठवडे औषध खरंच लागतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील 74 वर्षांचे, मधुमेह वीसेक वर्षांपासून. दीड महिन्यापूर्वी डावा कान दुखायला लागला, थोडा पू आला. ड्रॉप्स झाले, कान पाण्याने धुऊन झाला, अँटिबायोटिक गोळ्यांचे पाच-पाच दिवसांचे दोन कोर्स झाले. पू आता जवळजवळ थांबलाय, पण ठणका वाढलाय, रात्री झोप लागत नाही आणि चावताना जबडा दुखतो. ताप नाही, शुगर ‘फार वाईट नाही’. आता कान-नाक-घसा तज्ज्ञांनी भरती करायला सांगितलंय: स्कॅन, कानातला तुकडा काढून तपासणी आणि निदान सहा आठवडे औषध. मुलाचं विचारणं असं की कानाच्या इन्फेक्शनला एवढं कशाला, ऑपरेशन करून एकदाच साफ का करत नाहीत, आणि वडिलांना श्रवणयंत्र पुन्हा कधी लावता येईल.

वडिलांना न तपासता मी निदान करू शकत नाही. पण तुम्ही जे वर्णन केलंय ते वाचून माझ्याही मनात पहिली शंका तीच आली, जी तुमच्या तज्ज्ञांना आली असणार: कानाच्या नळीतलं इन्फेक्शन कातडी ओलांडून हाडात उतरलंय. याला नेक्रोटायझिंग ओटायटिस एक्स्टर्ना म्हणतात. रिपोर्टवर किंवा जुन्या कागदांवर ‘मॅलिग्नंट’ असाही शब्द दिसेल. तो वाचून घाबरू नका, हा कॅन्सर नाही. पण साधं कानाचं दुखणंही नाही. सहा आठवडे हा हिशेब कानाचा नाही, हाडाचा आहे. मधुमेही माणसाच्या पायाच्या हाडात पू झालाय असं कळलं असतं, तर दीड-दोन महिन्यांचं औषध कुणालाच अतिरेकी वाटलं नसतं. इथेही तेच चाललंय, फरक इतकाच की हे हाड कवटीच्या तळाचं आहे आणि त्याच्या पलीकडे मेंदू आहे.

कातडीचं इन्फेक्शन हाडात कसं जातं, हे समजलं की पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं. कानाची बाहेरची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. बाहेरचा तिसरा हिस्सा कूर्चेचा, आतले दोन हिस्से हाडाचे. कूर्चेवरची कातडी जाडसर असते, तिच्यात केस असतात, मळ तयार करणाऱ्या ग्रंथी असतात. हाडावरची कातडी मात्र कागदासारखी पातळ, खाली चरबीचा थर नाही, थेट हाडाच्या आवरणावर चिकटलेली. शिवाय कूर्चेच्या भागात खालच्या आणि पुढच्या बाजूला निसर्गतःच बारीक भेगा असतात. निरोगी माणसात त्यांचा काही त्रास नसतो. पण ज्याची प्रतिकारशक्ती थकलेली आहे त्याच्या कानात जंतूंना याच भेगांतून वाट मिळते: खाली लाळग्रंथीकडे, पुढे जबड्याच्या सांध्याकडे, मागे आणि आत कवटीच्या तळाकडे. चावताना दुखतं ते दातामुळे नसावं असं मला वाटतं, ते या सांध्याशेजारच्या सुजेमुळे. असे कितीतरी रुग्ण आधी दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन येतात, काहींची चांगली दाढही निघालेली असते.

मधुमेहात हे का होतं, याचं एकच उत्तर नाही. वर्षानुवर्षांच्या मधुमेहाने बारीक रक्तवाहिन्या अरुंद होतात, त्यामुळे त्या पातळ कातडीला आणि हाडाला रक्त कमी मिळतं. रक्त कमी म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी कमी आणि दिलेलं औषधही कमी पोहोचतं. पांढऱ्या पेशींची जंतू गिळण्याची ताकद मंदावते. कानातला मळ एरवी किंचित आम्लधर्मी असतो आणि जंतूंना वाढू देत नाही. मधुमेहींच्या मळात ही आम्लता कमी झालेली आढळते. त्यात वयाची भर. आणि त्यातच कान पाण्याने धुतला किंवा काडीने खरवडला गेला, की नाजूक कातडीला ओरखडा आणि ओल दोन्ही मिळतं. बहुतेक रुग्णांत सापडणारा जंतू स्यूडोमोनास एरुजिनोसा. त्याला ओल आवडते. वयस्कर मधुमेहीचा मळ पिचकारीने पाणी मारून काढू नये असं आम्ही वारंवार सांगतो ते यासाठीच. मळ काढायचाच असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली, कोरड्या पद्धतीने, सक्शनने काढावा.

आता तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ: पू थांबलाय, पण ठणका वाढलाय. तुम्ही ती जाता जाता लिहिलीत, मी तिथेच थांबलो. घरच्यांचं लक्ष पुवाकडे असतं, कारण तो उशीवर दिसतो, त्याला वास येतो. पण या आजारात पू फसवा असतो. ड्रॉप्सनी वरची कातडी सुधारते, स्राव कमी होतो, कान बाहेरून बरा दिसायला लागतो, आणि खाली हाडात काम चालूच राहतं. ठणका खोटं बोलत नाही. कानाकडे बघून वाटावं त्यापेक्षा कितीतरी जास्त दुखणं, खोलवर, रात्री वाढणारं, कानशिलाकडे किंवा जबड्याकडे जाणारं, साध्या गोळीला न जुमानणारं: हे वर्णन साठीपुढच्या मधुमेही माणसाने केलं आणि नीट उपचार होऊनही दोन-तीन आठवड्यांत उतार पडला नाही, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत ते हाडाचं दुखणं समजावं. मी स्वतः रुग्णाला पहिला प्रश्न ‘पू किती येतो’ असा विचारत नाही. ‘रात्री किती वाजता उठून बसता’ असा विचारतो.

ताप नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. या आजारात ताप बहुधा नसतोच, रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा आकडाही पुष्कळदा सरळ येतो. शुगर ‘फार वाईट नाही’ याचाही दिलासा मानता येत नाही. शुगरच्या आजच्या आकड्याचा आणि या आजाराचा थेट हिशेब जुळत नाही. गोळ्यांवर बऱ्यापैकी आटोक्यात असलेल्या माणसालाही तो होतो. मधुमेह किती वर्षं मुरलाय हे आजच्या सकाळच्या आकड्यात दिसत नाही. आणि मधुमेहच हवा असंही नाही: केमोथेरपी चाललेले, अवयव बदललेले, दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारे, एचआयव्ही असलेले रुग्णही यात सापडतात.

तुमच्या तज्ज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली कान पाहिला असेल, तर त्यांना काय दिसलं असावं हे सांगतो. नळी सुजून अरुंद झालेली, आत ओलसर पांढुरका मळ. तो हलक्या हाताने ओढून घेतला की नळीच्या तळाला, जिथे कूर्चा संपून हाड सुरू होतं नेमकं तिथे, लालभडक, मऊ, दाणेदार मांस उगवलेलं दिसतं. सक्शनची नळी नुसती टेकली तरी रक्त येतं. कधी त्याच्या मधोमध उघडं, पिवळट, खरखरीत हाड हाताला लागतं. पलीकडचा कानाचा पडदा मात्र बहुतेक वेळा धडधाकट असतो. मधुमेही वृद्धाच्या कानात हे मांस त्या ठिकाणी दिसलं की माझ्यासारखा माणूस ड्रॉप्सची चिठ्ठी बाजूला ठेवतो. टॉर्चच्या उजेडात वरवर पाहिलं तर हे दिसत नाही, कारण ते मळाखाली आणि सुजेच्या आड असतं. आधीच्या डॉक्टरांचा यात फार दोष धरू नका. पहिल्या आठवड्यात साधं बाह्यकर्णाचं इन्फेक्शन आणि हे, दोन्ही सारखीच दिसतात. चुकतं ते तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तीच चिठ्ठी पुन्हा लिहिली जाते तेव्हा.

या पाच-पाच दिवसांच्या कोर्सबद्दल माझी जुनी तक्रार आहे. हाडात शिरलेला स्यूडोमोनास पाच दिवसांत मरत नाही. तो दबतो, ठणका चार दिवस कमी होतो, सगळे खूश होतात, मग पुन्हा सुरू. दरम्यान दोन नुकसानं होतात. एक, पुढे पू तपासायला पाठवला तर कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत, काहीच उगवत नाही आणि आम्ही आंधळे होतो. दोन, जे जंतू उरतात ते सिप्रोफ्लॉक्सासिनला न जुमानणारे असण्याची शक्यता वाढते. आणि सिप्रोफ्लॉक्सासिन हे या जंतूवर तोंडावाटे घेण्याजोगं आमच्या हातातलं मुख्य औषध. ते असं सुटं-सुटं वापरून बोथट करणं परवडणारं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी घाई करावी लागते ती सांगतो. कवटीच्या तळाला ज्या छिद्रांतून नसा बाहेर येतात, ती छिद्रं या हाडाच्या अगदी शेजारी आहेत. सगळ्यात जवळची चेहऱ्याची नस, म्हणून सहसा तीच आधी सापडते: एका बाजूचा ओठ खाली येतो, डोळा पूर्ण मिटत नाही, चूळ भरताना पाणी त्या बाजूने गळतं. रोग आणखी आत सरकला की गिळण्याच्या आणि आवाजाच्या नसा: पाणी पिताना ठसका, आवाज घोगरा, खांदा उचलायला जड, जीभ एका बाजूला वळणं. अजून आत म्हणजे दोन-दोन दिसणं, मेंदूच्या मोठ्या शिरेत गुठळी, मेंदूज्वर. यातलं एक जरी चिन्ह दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या. प्रचंड डोकेदुखी, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं असेल तर त्याच घटकेला.

इथे एक धोका मुद्दाम सांगायला हवा, कारण तो मी प्रत्यक्ष पाहिलाय. मधुमेही बाईंचं तोंड अचानक वाकडं झालं. बेल्स पाल्सी, म्हणजे चेहऱ्याच्या नसेचा अचानक येणारा लकवा, असं समजून स्टिरॉइडच्या मोठ्या मात्रेवर त्यांना घरी पाठवलं गेलं. कान महिनाभर दुखतोय हे त्या सांगत होत्या, पण चेहऱ्यापुढे कानाचं कुणी ऐकलं नाही. आमच्याकडे आल्या तेव्हा शुगर चारशेपुढे होती आणि आवाजही बसलेला होता. बेल्स पाल्सीत कानामागे थोडं दुखू शकतं, पण आठवडेच्या आठवडे ठणकणारा, स्राव येणारा कान हे तिचं लक्षण नाही. नागीण कानात उठली तरी तोंड वाकडं होतं, तिथे बहुधा फोड दिसतात. कान दुखणाऱ्या मधुमेही माणसाचं तोंड वाकडं झालं, तर स्टिरॉइडची पहिली गोळी गिळण्याआधी कानाच्या नळीत कुणीतरी सूक्ष्मदर्शकाने पाहिलेलं असावं, असा माझा आग्रह असतो.

तपासण्यांचं म्हणाल तर रक्तातला ईएसआर, म्हणजे शरीरात सूज किंवा इन्फेक्शन असलं की वाढणारा आकडा, स्वस्तात खूप काही सांगतो. साध्या बाह्यकर्णाच्या इन्फेक्शनमध्ये तो फारसा वाढत नाही. या आजारात तो बहुतेकदा पन्नासच्या वर, कधी शंभरच्या आसपास असतो. सोबत सीआरपी ही तशीच दुसरी रक्तचाचणी करावी. या दोन आकड्यांचा खरा उपयोग पुढे आहे, औषध लागू पडतंय का हे पाहायला, म्हणून ते उपचार सुरू करण्याआधी नोंदवून ठेवा. किडनीची क्रिएटिनिन चाचणी हवीच, कारण जवळजवळ सगळ्या औषधांची मात्रा तिच्यावर ठरते.

स्कॅनमध्ये सीटी हाड दाखवते, एमआरआय हाडाभोवतालचे मऊ भाग आणि हाडातला मगज. दोन्ही का, असं वाटेल. हाडातला खनिजांचा बराच मोठा हिस्सा, साधारण तिसरा हिस्सा किंवा जास्त, विरघळल्याशिवाय सीटीवर झीज दिसत नाही. म्हणजे सुरुवातीला सीटी ‘नॉर्मल’ आली तरी आजार नाही असं म्हणता येत नाही. एमआरआय कवटीच्या तळाखालची सूज आणि नसांभोवतीचा पसरलेला रोग चांगला दाखवते. टेक्नेशियम हा किरणोत्सारी पदार्थ टोचून केलेला हाडांचा स्कॅन (बोन स्कॅन) फार लवकर पॉझिटिव्ह येतो, पण रोग बरा झाल्यावरही महिनोन् महिने तसाच राहतो, त्यामुळे तो निदानाला उपयोगी, उपचार थांबवायला नाही. त्या कामासाठी पूर्वी गॅलियम या दुसऱ्या किरणोत्सारी पदार्थाचा स्कॅन वापरत. हल्ली जिथे सोय आहे तिथे पेट-सीटीकडे कल आहे. हे सगळे स्कॅन प्रत्येकाला लागत नाहीत. माझा क्रम सीटी, मग गरज वाटली तर एमआरआय, असा. किडनी कमजोर असेल तर स्कॅनमधल्या शिरेतून द्यायच्या औषधाबद्दल आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी काही दिवस थांबवायची का याबद्दल आधीच विचारा.

कानातला तुकडा काढायचा म्हणताच घरचे बिचकतात. तो काढायलाच हवा, आणि त्याची दोन कारणं आहेत. कानाच्या नळीचा कॅन्सर हुबेहूब असाच वागतो: तेच वय, तोच ठणका, तेच दाणेदार मांस, तेच झिजलेलं हाड. महिनाभर अँटिबायोटिक देऊन मग कळायचं की हा जंतूंचा रोग नव्हताच, हे टाळण्याचा तेवढा एकच मार्ग. दुसरं, नुसत्या पुवाच्या बोळ्यावर कातडीवरचे जंतू उगवतात. खोलवरचा तुकडा जंतू आणि बुरशी दोन्हींच्या कल्चरला गेला तर खरा गुन्हेगार सापडतो. स्टॅफिलोकोकस असू शकतो, अस्परजिलस किंवा कँडिडा ही बुरशी असू शकते. आधी भरपूर अँटिबायोटिक झालेल्या माणसात बुरशीची शक्यता मी कधीच सोडत नाही, आणि वडिलांचे दोन कोर्स झालेत. रुग्ण स्थिर असेल तर कधी कधी आम्ही औषध काही दिवस बंद ठेवून मग तुकडा घेतो. तुमच्या डॉक्टरांनी तसं सुचवलं तर ते टाळाटाळ करताहेत असं समजू नका.

औषधांबद्दल थोडा इतिहास सांगण्याजोगा आहे. 1968 मध्ये चँडलर या अमेरिकी कानतज्ज्ञांनी तेरा रुग्णांचं वर्णन करून या आजाराला ‘मॅलिग्नंट’ हे भीतिदायक नाव दिलं, तेव्हा जवळपास निम्मे रुग्ण दगावत. मोठमोठी ऑपरेशनं करूनही. ऐंशीच्या दशकात स्यूडोमोनासवर चालणारी चांगली इंजेक्शनं आली, मग सिप्रोफ्लॉक्सासिन, आणि चित्र पालटलं. ‘ऑपरेशन करून एकदाच साफ का करत नाही’ याचं उत्तर यातच आहे. हा रोग हाडातल्या बारीक पोकळ्यांतून आणि थरांच्या मधून पसरतो. त्याला कापून काढता येईल अशी स्वच्छ कड नसते. कड शोधत खोल गेलं तर चेहऱ्याची नस हाताशी येते. म्हणून आज सर्जनचं काम मर्यादित आहे: तुकडा घेणं, मेलेलं सुटं हाड उचलणं, पुवाची पोकळी असेल तर ती मोकळी करणं, आणि दर काही दिवसांनी नळी साफ करणं. हे शेवटचं काम अगदी किरकोळ दिसतं आणि फार उपयोगी पडतं.

सुरुवातीला शिरेतून सेफ्टाझिडीम किंवा पायपरासिलिन-टॅझोबॅक्टम यांसारखं औषध, सोबत किंवा नंतर सिप्रोफ्लॉक्सासिन, असा सर्वसाधारण क्रम असतो. जंतू साथ देत असेल, रोग लवकर पकडला असेल, नसा शाबूत असतील तर निव्वळ सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्यांवरही काहींचं भागतं. मोठ्यांची नेहमीची मात्रा 750 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, किडनी बघून कमी. वडिलांना गोळ्या आधीच दोनदा होऊन गेल्यात, ठणका वाढलाय, म्हणून कल्चर हाती येईपर्यंत मी शिरेतल्या औषधाच्या बाजूचा आहे. बुरशी निघाली तर व्होरिकोनाझोलसारखं औषध लागतं आणि उपचार सहा आठवड्यांवर थांबत नाही, काही महिन्यांवर जातो. दाबाखालच्या ऑक्सिजनचा उपचार कुणी सुचवेल. त्याचा फायदा ठाम सिद्ध झालेला नाही. नेहमीचे उपचार चालू असताना जोडीला ठीक, त्यांच्या ऐवजी नाही.

औषधाचे सगळेच आठवडे रुग्णालयात काढावे लागतात असं नाही. पहिला आठवडा-दहा दिवस गेले, ठणका उतरला, शुगर बसली की बरेच जण घरी जातात. आणि घरी गेल्यावर जी जबाबदारी तुमच्यावर येते, तिकडे डिस्चार्जच्या गडबडीत कुणाचं लक्ष नसतं.

सिप्रोफ्लॉक्सासिन आणि मधुमेहाच्या काही गोळ्या, म्हणजे ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड, ग्लायबेनक्लामाइड, एकत्र आल्या की शुगर धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. वृद्धांमध्ये जास्त. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2018 मध्ये सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातल्या औषधांबाबत नेमका हाच इशारा अधिक ठळक केला, आणि त्यासोबत गोंधळलेपण, अस्वस्थता या मानसिक परिणामांचाही. म्हणून पहिले काही दिवस शुगर दिवसातून अनेकदा तपासा, रात्री झोपतानाचीही. वडील अचानक घामाघूम झाले, असंबद्ध बोलायला लागले तर आधी शुगर बघा. दुसरं, कॅल्शियम, लोह, झिंकच्या गोळ्या आणि ॲसिडिटीची पातळ औषधं सिप्रोफ्लॉक्सासिनला पोटातच बांधून टाकतात. गोळी घेतली जाते, पण रक्तात पोहोचत नाही. आणि मग ‘औषध लागू पडत नाही’ असा निष्कर्ष निघतो. सिप्रोफ्लॉक्सासिन या गोष्टींच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर द्या. नुसत्या दुधासोबतही नको. तिसरं, टाचेच्या वरची शिर (रक्तवाहिनी नव्हे, पोटरीच्या स्नायूला टाचेशी जोडणारा दोर) दुखायला लागली तर चालणं थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. साठीपुढे, आणि स्टिरॉइड चालू असेल तर फारच, ती तुटू शकते. हृदयाचे ठोके अनियमित असण्याचा इतिहास, दम्याचं थिओफायलिन, स्नायू सैल करणारं टिझानिडीन, रक्त पातळ करणारं वॉरफरिन, यातलं काहीही असेल तर ते चिठ्ठी लिहिणाऱ्याला आपणहून सांगा. टिझानिडीन तर यासोबत चालतच नाही.

वेदनाशामकांच्या बाबतीत, आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅकची मालिका घरच्या घरी चालवू नका. मधुमेहाने थकलेली किडनी, वर शिरेतली अँटिबायोटिक्स, आणि त्यावर हे. पॅरासिटामॉल नेमाने घड्याळ लावून द्या. त्यावर भागत नसेल तर डॉक्टरांकडून जास्त ताकदीचं घ्या. हे दुखणं खरोखर भयंकर असतं. ‘वय झालंय, सहन होत नाही’ असं त्यांच्यासमोर कुणी बोलू नये.

शुगरसाठी इन्सुलिन सुरू करायचं म्हटलं तर अडून बसू नका. इन्फेक्शनने शुगर वर जाते, वर गेलेली शुगर इन्फेक्शन वाढवते, आणि गोळ्यांनी ही साखळी तोडणं अवघड. रुग्णालयात बहुधा 140 ते 180 च्या दरम्यान शुगर ठेवायचा प्रयत्न असतो. हे इन्सुलिन अनेकांचं नंतर बंदही होतं.

बरं झालं हे कशावरून ठरवायचं? आधी ठणका जातो. योग्य औषध चालू असेल तर पहिल्या एक-दोन आठवड्यांत रात्रीची झोप परत यायला हवी. नाही आली तर मी जंतूचा, बुरशीचा किंवा कॅन्सरचा पुन्हा नव्याने विचार करतो. मग नळीतलं मांस सुकतं. ईएसआर सगळ्यात मागून, सावकाश उतरतो. घसरगुंडी होते ती पहिल्या टप्प्यावर: तिसऱ्या आठवड्यात वडील म्हणतात दुखत नाही, गोळ्यांनी तोंड कडू पडलंय, बस झालं. ठणका थांबणं म्हणजे हाड बरं होणं नव्हे. औषध कधी थांबवायचं ते ठणका, कानातलं दृश्य, ईएसआर-सीआरपी आणि गरज पडल्यास स्कॅन, या सगळ्यांचा मेळ घालून ठरतं. त्यानंतरही रोग उलटू शकतो, अगदी वर्षभराने, म्हणून मी निदान वर्षभर ठरावीक अंतराने बोलावतो. चेहऱ्याची नस आधीच गेली असेल तर ती मोजमाप म्हणून वापरू नका: रोग पूर्ण बरा होऊनही तोंड थोडं वाकडं राहू शकतं. त्या काळात डोळ्याला जपा, दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम लावून पापणी मिटून टेप.

राहिला श्रवणयंत्राचा प्रश्न. दुखऱ्या कानात सध्या अजिबात नको. साचा नळी बंद करतो, आत घाम आणि ओल कोंडते, कड कातडीला घासते; स्यूडोमोनासला आणखी काय हवं. दुसऱ्या कानात चालत असेल तर तिथे जरूर वापरू द्या, कारण रुग्णालयात ऐकू न येणारा वृद्ध माणूस फार लवकर गोंधळतो. उपचार संपले, नळी कोरडी झाली, मांस पूर्ण गेलं आणि तज्ज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून हो म्हटलं, की पुन्हा सुरू करता येईल. आधी दिवसाला तास-दोन तास, साचा रोज पुसून कोरडा करून, रात्री काढून. नळीचा आकार सुजेनंतर बदललेला असतो, त्यामुळे जुना साचा टोचायला लागला तर तोच रेटू नका, नवा घ्या. नळी बंद न करणारी, उघड्या टोकाची यंत्रंही मिळतात. ऐकू येण्याचं प्रमाण तेवढं कमी असेल तर मी आधी तीच सुचवतो.